भाकरीच्या कडेची खूण

परत आल्यापासून निवाऱ्यातल्या बायका रोज जेवताना विचारतात, "तिकडं काय काय झालं ते सांग की." पहिल्या दिवशी मी सांगायला बसले. "आज्जीला घेऊन गेलो, तिचं घर सापडलं, सोडून आलो," एवढं बोलून गप्प झाले. बायका रागावल्या. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही तीन दिवस तुझ्या वाटणीच्या भाकरी थापल्या व्हय, असं म्हणाल्या. माझ्याबरोबर आलेली नरसक्का सांगते ते ऐकायला बरं वाटतं, पण तिच्या सांगण्यात सगळीकडे तीच असते, आणि खरं म्हणजे नेमक्या वेळी ती तिथं नव्हती. म्हणून मी हे लिहून ठेवते आहे. बोलताना माणसं तोंडाकडे बघतात आणि माझा शब्द घशातच राहतो. कागद तसा बघत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेवढ्यावर लिहिता येतं.

निघण्याआधी

आमचा निवारा सोलापुरात आहे, एका जुन्या शाळेच्या इमारतीत. ज्यांना पाठ टेकायला जागा नाही अशी माणसं इथं राहतात. कोणी पुलाखालून आलेलं, कोणी स्टेशनातून, कोणी मुलाच्या दारातून. मीही तशीच आले. माझे मालक चिंचोळी एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होते. ते गेले तेव्हा खोलीही गेली, कारण खोली ठेकेदाराची होती. काही दिवस मी कारखान्याच्या भिंतीला लागून राहिले. मग इथं आले, स्वयंपाक येतो म्हटल्यावर चुलीपाशी बसले, आणि आता पगारावर आहे. नरसक्का यंत्रमागावर काम करून डोळे अधू झालेली बाई. तेलुगू घरातली, पण मराठीत भांडायला तिला काही अडचण येत नाही.

आज्जी दिवाळीनंतर सरकारी दवाखान्यातून आमच्याकडे आली. स्टेशनात पडलेली सापडली होती. डोक्याची जखम भरली, ताप गेला, पण नाव सांगेना, गाव सांगेना. दिवसातून दोन-चार शब्द बोलायची. निवारा चालवणाऱ्या आमच्या मॅडमनी सगळ्या तऱ्हेनं विचारून पाहिलं.

"आज्जी, तुमचं घर कुठं आहे?"

"म्होरं."

"पुढं म्हणजे कुठं?"

"म्होरं हाय की."

"किती पुढं?"

"निगाल्यावर कळंल."

सगळ्यांना वाटलं, डोक्याला मार लागल्यामुळं असं बोलते. बायका तिला म्होरं आज्जीच म्हणायला लागल्या.

मला मात्र तिची एक गोष्ट लागली होती. ताटात भाकरी पडली की ती आधी डाव्या बाजूला नखांनी दोन खाचा पाडायची, मग वरचं टोक मोडून टाकायची, आणि त्यानंतरच खायला लागायची. मला वाटलं, माझ्या भाकरीची कड करपते म्हणून ती काढून टाकते. मी तिच्यासाठी वेगळी भाकरी करायला लागले, मंद आचेवर, कडा नीट फिरवून. तरी दोन खाचा आणि टोक मोडलेलं. नरसक्का म्हणायची, "इंदू, तुझ्या भाकरीला रोज एकच उंदीर कुरतडतोय बघ." मी मनातून खट्टू व्हायचे.

मग मॅडमनी सांगितलं की महिनाअखेरीस आज्जीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत पाठवावं लागेल. तिथं अशा माणसांना कायमचं ठेवतात. मॅडम वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "इंदूताई, आशा ठेवायला माझी ना नाही. पण खाट एक आहे, आणि बाहेर माणसं किती आहेत ते तुम्हीच बघता." एकदा तिकडं गेली की आज्जीचं घर कुणी शोधणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

त्याच आठवड्यात मेंढरं कातरणारा एक माणूस एसटी चुकली म्हणून आमच्याकडे मुक्कामाला आला. जेवताना त्याचं लक्ष आज्जीच्या ताटाकडे गेलं. तो हातातला घास तसाच धरून बसला.

"म्हातारी धनगराची हाय व्हय?" त्यानं विचारलं.

"कुणाला ठाऊक," नरसक्का म्हणाली. "का वो?"

"ती भाकरीचा कान कातरतीया. आमी लोकर कातरताना रोज बघतो की. दर घरची खूण येगळी. कुणाचा उजवा कान चिरलेला, कुणाच्या डाव्याला भोक. हिची डाव्याला दोन काप आन् टोक उडवल्यालं. कळपात मेंढरं मिसळली की ह्याच्यावरनं वळखायची."

"ही कुणाची खूण?"

"त्ये काय मला सांगता यायचं न्हाय. माळशिरस तालुक्यात लई धनगर. नातेपुत्याच्या बाजारात इचारा."

म्हणजे आज्जी माझ्या भाकरीला नावं ठेवत नव्हती. ती रोज दोन वेळा आम्हाला आपलं घर सांगत होती, आणि मी कड करपते का ते बघत होते.

मॅडमनी जायला परवानगी दिली. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही, म्हणून नरसक्का बरोबर. बोलायचं काम तिचं आणि आज्जीला सांभाळायचं माझं, असं ठरलं. मी कडक भाकरी करून घेतल्या. आमच्याकडे पातळ भाकरी विस्तवाजवळ उभी करून वाळवतात, ती पापडासारखी होते आणि बरेच दिवस टिकते. बरोबर शेंगाची चटणी घेतली.

नातेपुते

एसटीत आज्जी खिडकीशी बसली. मोहोळ सोडल्यावर रानात ज्वारीची काढणी चालली होती, कडब्याच्या पेंढ्या रांगेनं उभ्या होत्या. आज्जी रान बघत होती, पण आपण बघतो तसं नाही. पीक निघालेलं रान आलं की मान वळवून मागं जाईपर्यंत बघायची, उभं पीक आलं की डोळे मिटायची. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढं कालव्याचा भाग लागला, ऊस दिसायला लागला, हवा गार झाली. मी सोलापूरपासून इतकी लांब पहिल्यांदाच आले होते. आपल्याच जिल्ह्यात एवढं हिरवं आहे हे मला माहीत नव्हतं.

माळशिरसला गाडी थांबली. नरसक्का खाली उतरली आणि परत येताना बोरांच्या गाड्यापाशी भाव करत उभी राहिली. कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीतून बघत होते, नरसक्का बोरांचा पुडा धरून पळत येत होती. "गाडी थांबवा" एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. माझे ओठ हलले, आवाज आला नाही. गाडी स्टँडच्या बाहेर पडली. मोबाईल नरसक्काकडे, पत्ता विचारणारी नरसक्का, आणि मी आज्जीचा हात धरून बसलेली. आज्जीनं मात्र समाधानानं मान हलवली. गाडी पुढं चालली होती, एवढंच तिला हवं होतं.

नातेपुत्यात बाजाराचा दिवस होता. महादेवाचा डोंगर लांबून निळा दिसत होता आणि गावात पाय ठेवायला जागा नव्हती. मेंढरांचा बाजार कडेला, लिंबाच्या झाडांखाली. लाल पटक्यांची माणसं, खांद्यावर घोंगडी, आणि दोन माणसं एका उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत होती. तोंडानं कोणी आकडा बोलत नव्हतं. हे मला फार आवडलं. असा बाजार मलाही करता आला असता.

आज्जीला एका लिंबाखाली बसवून तिच्या हातात कडक भाकरी दिली. तिनं कट् कट् करून दोन काप पाडले, टोक मोडलं, आणि मी ती भाकरी तिच्या हातातून काढून घेतली. ती रागावून बघायला लागली, म्हणून दुसरी दिली. मऊ भाकरीवर ती खूण टिकली नसती. आमची भाकरी कडक, म्हणून कात्रीनं कापल्यासारखी स्पष्ट दिसत होती.

ती भाकरी वर धरून मी माणसांच्या ओळीपुढं जाऊन उभी राहिले. नुसती उभी. माणसं बघायला लागली.

"बाई, भाकरी इकायची आसंल तर तिकडं बोंबलाच्या वळीत बसा."

"आरं तसं न्हाय, मेंढीला चारून बघतीया. खाल्ली तर घेनार."

"मेंढीचं दात पडतील की."

सगळे हसले.  नरसक्का येईपर्यंत थांबावं असं मनात आलं. पण बाजार उठायला लागला होता, माणसं मेंढरं टेम्पोत भरत होती, आणि महिनाअखेर जवळ होती. मी म्हणाले, "ही खूण कुणाची?" ते मलाच ऐकू आलं नाही. मग मी लिंबाखाली बसलेल्या आज्जीकडे बघितलं आणि ओरडले. खरंच ओरडले.

"ही खूण कुणाच्या मेंढरांची हाय? ह्या आज्जीचं घर हुडकतोय आम्ही. डावा कान हाय. दोन काप आणि टोक."

हसणं थांबलं. एक पिकल्या मिशांचा माणूस पुढं आला. त्यानं भाकरी हातात घेतली, कानासारखी फिरवून बघितली, आणि थेट लिंबाकडे गेला. आज्जीपुढं उकिडवा बसला.

"मामी?" तो म्हणाला. "ठकूमामी, म्या बजाबा."

आज्जीनं त्याच्याकडे बघितलं आणि हातातल्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडून त्याला दिला.

बजाबा तो तुकडा खात रडत होता. मग तो उठून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "आरं, सिदाची आय घावली." आणि मघाशी जे हसत होते तेच लोक धावत आले. कोणी चहा आणला, कोणी भेळ, एकानं माझ्या हातात आख्खं कलिंगडच दिलं. मी ते घेऊन तशीच उभी होते, तेवढ्यात नरसक्का आली. पुढच्या गाडीत उभी राहून आली होती, आणि येताना रस्ताभर मला काय काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. पण गर्दी बघून तिला आधी विचारावंच लागलं, "काय झालं गं?"

"घरचे सापडले," मी म्हणाले.

"कुणी विचारलं?"

"मी."

तिनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "अम्मा. म्हणजे मी मागं राहिले की तुला तोंड फुटतं. मग मला सोलापुरातच ठेवायचं होतंस की, फुकट पाय दुखवले."

बजाबा आज्जीच्या नणंदेचा मुलगा. त्याच्याकडून सगळं कळलं. आज्जीचं नाव ठकूबाई. तिचा मुलगा सिदा मेंढरं घेऊन पावसाळ्यानंतर रानोरान फिरतो. दिवाळीच्या सुमारास तळ केमजवळ होता. आज्जीचा डोळा डॉक्टरला दाखवायचा म्हणून सून तिला केमच्या स्टेशनावर घेऊन गेली. कुर्डुवाडीला उतरायचं होतं. गर्दीत आज्जी डब्यात चढली आणि सून खालीच राहिली. कुर्डुवाडी आली गेली, आज्जी थेट सोलापुरात आली असणार. सिदानं कुर्डुवाडी पालथी घातली. मग कोणी सांगितलं, दौंडला एक म्हातारी दिसली. तो दौंडला गेला. मग आणखी कुठं. दर वेळी दुसऱ्याचीच म्हातारी निघाली.

बजाबानं लगेच सिदाला फोन लावला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं, कारण बजाबा फोनवर बाजारासारखाच बोलतो.

"सिदा, मामी घावली रं."

 पलीकडून आवाज आला, "दादा, पुन्यांदा नगं. लई झालं आता."

"आरं माझ्या म्होरं बसलीया."

"मंग तिला बोलाय लाव."

बजाबानं फोन आज्जीच्या कानाला लावला. सिदा "आई, आई" म्हणत होता. आज्जीनं फोन हातात घेऊन उलटा करून बघितला आणि परत दिला. एक शब्द बोलली नाही. सिदाचा फोन बटणांचा, त्यावर फोटो जात नाही.

"बगा," सिदा म्हणाला. "माझी आई आसती तर शिवी दिली आसती. दादा, माझी मेंढरं उपाशी मराय लागली. हितलं रान संपलं. उद्या सकाळी मी हालनार." आणि त्यानं फोन बंद केला. नंतर लागलाच नाही.

बजाबा म्हणाला, "त्याचं बी काय चुकत न्हाय. धनगर एका जागी बसत न्हाय, पर आय जितं सुटली तितंच घुटमळतोय दिवाळीपास्नं. लोकं याड्यात काडत्यात. एकदा का हालला, की मंग कुटं हुडकायचा?"

आता तर सगळं सापडूनही हातातून जाईल अशी वेळ आली होती. संध्याकाळी केमकडे जायला गाडी नव्हती, म्हणून बजाबाच्या वस्तीवर मुक्काम केला. त्याच्या घरी हुलग्याचं माडगं प्यायला दिलं, गरम, गूळ घातलेलं. आमच्याकडे ते कोणी करत नाही. तिकडची भाकरी जाड आणि मऊ. बजाबाच्या बायकोनं माझी कडक भाकरी चावून बघितली आणि म्हणाली, "तुमच्या सोलापुरात समद्यांचं दात शाबूत दिसत्यात." नरसक्कानं तोंड उघडून तिला आपले राहिलेले दात दाखवले. आम्ही सगळ्या हसलो. आज्जीही हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

केम

बजाबाला आमच्याबरोबर यायचं होतं, पण त्याच्या सुनेचे दिवस भरले होते. त्यानं आम्हाला पहाटेच कडब्याच्या टेम्पोत बसवून दिलं. टेम्पो टेंभुर्णीपर्यंत येणार होता. अकलूजच्या पुढं चाक पंक्चर झालं. जादा चाक काढलं तर तेही बसलेलं. नरसक्का ड्रायव्हरला म्हणाली, "बाबा, तुझी गाडी आणि माझे गुडघे एका साच्यातले." चाक दुरुस्त होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. टेंभुर्णीला उतरून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसलो आणि केमला पोचलो तेव्हा दुपार झाली होती.

केमला कुंकू तयार होतं. काही घरांच्या भिंती, उंबरे, माणसांचे हात लालसर. नरसक्का विधवा, मीही विधवा. तरी तिनं एका दुकानापुढं थांबून बोट बुडवलं आणि आज्जीच्या कपाळाला लावलं. "घरी जाताना मोकळ्या कपाळानं नको," म्हणाली. आज्जीनं पुसलं नाही.

सिदाचा तळ रेल्वेच्या रुळांपलीकडे एका रानात आहे असं बजाबानं सांगितलं होतं. आम्ही पोचलो. रान रिकामं होतं. सगळीकडे खुरांचे ठसे, लेंड्या, मध्ये तीन दगडांची चूल. बांधावर एक बाई शेळीला पाला तोडत होती. नरसक्का धापा टाकत खाली बसली होती, म्हणून मीच विचारलं.

"ताई, मेंढरंवाले कुठं गेले?"

"सकाळीच हालले की."

"कुठं?"

"म्होरं," ती म्हणाली.

 "पुढं म्हणजे कुठल्या गावाला?"

"त्ये तरी कुटं सांगत्यात बाई. पीक निगाल्यालं रान बगत, मेंढरं चारत जात्यात. घर म्होरं, आन् मानसं त्याच्या मागं."

इतके महिने आम्ही जिला डोक्यावर परिणाम झालेली समजत होतो, ती खरं तेच सांगत होती. तिचं घर पुढंच होतं. आम्हीच तिला एका खाटेवर बसवून विचारत होतो, कुठं आहे.

मी आज्जीकडे वळले. ती चुलीपाशी बसली होती. राखेत हात घालून तिनं उबारा बघितला. मग उठली. निवाऱ्यात संडासापर्यंत जायला माझा हात धरणारी आज्जी पदर खोचून बांध ओलांडून चालायला लागली. खुरांच्या वाटेनं, मान खाली घालून. एका ठिकाणी वाटा फुटल्या होत्या. तिथं ती वाकली, लेंडी बोटानं दाबून बघितली, आणि उतरणीच्या बाजूला वळली.

"आज्जी, दमानं," मी म्हणाले.

"चला की," आज्जी म्हणाली.

नरसक्का मागून ओरडली, "अगं, ही आज जाते का उद्या असं म्हणत होते ना सगळे? ही मला घालवून मग जाईल."

ऊन कलेपर्यंत चाललो. भाकरीचा एक तुकडा चालता चालता खाल्ला. मग एका ओढ्यापलीकडच्या माळावर पांढरं काळं काहीतरी पसरलेलं दिसलं. ते हलत होतं. मेंढरं. पुढं एक घोडं, त्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर पाय बांधलेल्या कोंबड्या.

आज्जी थांबली. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तिनं हाक मारली. त्याला शब्द नव्हते, नुसता जिभेवरून फिरणारा आवाज, वर चढणारा, मग तुटणारा. तिच्या एवढ्याशा छातीत तो कुठं होता कोण जाणे. माळावर सगळ्यात पुढचा मेंढा उभा राहिला. मग मागचे. मग आख्खा कळप वळला आणि आमच्याकडे यायला लागला. पुढं चाललेला उंच माणूस काठी घेऊन कळपाला अडवायला धावला आणि मध्येच थांबला.

मेंढरं ओढा उतरून आमच्या भोवती आली. प्रत्येकाच्या डाव्या कानाला दोन काप, टोक उडवलेलं. मी माझ्या भाकरीवर रोज बघितलेली खूण, आता शेकडो कानांवर. आज्जी त्यांच्यात शिरली, एकेकीच्या पाठीवर हात दाबत.

सिदा आला. एवढा मोठा बाप्या, मिशीवाला, पण त्याला काय करावं ते कळेना. तो म्हणाला, "आई, कुटं हुतीस?"

"म्होरं गेल्ते," आज्जी म्हणाली. "तुमी मागं ऱ्हायला." आणि लगेच, "हाडं दिसाय लागली की रं मेंढरांची. बापाचं नाव बुडीवतोस व्हय, भाड्या."

सिदा तिथंच मातीत बसला. हसत होता का रडत होता ते कळत नव्हतं. तो नुसतं म्हणत होता, "शिवी दिली. माझ्या आईनं शिवी दिली."

सून घोड्याच्या आड उभी होती, पुढं यायला धजत नव्हती. डब्यात चढता आलं नाही ती हीच. दिवाळीपासून तिला कोण काय बोललं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आज्जी तिच्यापाशी गेली, तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "चा टाक. सोलापूरच्या लेकी आल्यात."

तो चहा शेळीच्या दुधाचा, धुरकट वासाचा. आयुष्यात एवढा गोड चहा मी प्यायले नाही. सिदानं त्या दिवशी तिथंच तळ टाकला. जाळीचं कुंपण उभं केलं, तीन दगड मांडले, आणि घर तयार. वर आभाळ, भिंत एकही नाही. मी कारखान्याच्या भिंतीला लागून राहिले तेव्हाही वर आभाळच होतं. पण इथं सगळे एकमेकांना जेवायला हाक मारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघताना सिदा एक मेंढीचं कोकरू घेऊन आला. "ताई, ही तुमची. अर्धलीनं आमी सांबाळू. हिला जी पोरं व्हतील, त्यातली निम्मी तुमच्या निवाऱ्याची. आमच्याकडं पावन्यांची बी मेंढरं असत्यात कळपात." मग त्यानं कातर काढली आणि विचारलं, "तुमची खूण कंची?"

 सासरचं घर नाही, माहेरचं नाही, खोली ठेकेदाराची होती. खूण कुठून आणायची?

आज्जीनं सिदाच्या हातातून कातर घेतली. कोकरू दोन गुडघ्यांत धरलं. डाव्या कानाला आपले दोन काप घातले, टोक उडवलं. मग उजवा कान धरून माझ्याकडे बघितलं आणि कडेला एक गोल तुकडा काढला, भाकरीचा पहिला घास मोडल्यावर दिसतो तसा. वर हळद दाबली.

"ही इंदूची," ती म्हणाली.

तिला माझं नाव माहीत होतं हेही मला तेव्हाच कळलं.

परत

केम स्टेशनवरून आम्ही सोलापूरची गाडी धरली. गाडी हलली तेव्हा लांब माळावर कळप चालताना दिसला, घोड्याच्या पुढं एक लहानशी बाई. तिनं मागं वळून बघितलं नाही. नरसक्का म्हणाली, "निदान हात तरी करायचा," आणि उरलेली बोरं माझ्या ओटीत टाकली.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आणि शिपायाला जिलेबी आणायला पाठवलं. सगळ्या निवाऱ्यानं जिलेबी खाल्ली. ज्यांना काहीच गोड लागत नाही अशी माणसं आमच्याकडे आहेत, त्यांनीही मागून घेतली.

आज्जीची खाट एक दिवसही रिकामी राहिली नाही. तिथं आता एक मध्यम वयाची बाई आहे. बसस्थानकातून आणली. बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून बसते. ती जेवताना मी बघते. ती आमटी भाकरीवर घेत नाही, भाकरी पाण्याच्या भांड्यात आधी नुसती टेकवते, मग खाते. असं कुठं करतात ते मला अजून कळलेलं नाही. निवाऱ्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते. आता मला विचारता येतं.

काल रात्रीच्या जेवणाला बायकांनी परत विषय काढला. कोकराचं नाव काय ठेवायचं यावरून त्यांची दोन दिवस भांडणं चालली आहेत. एकीनं विचारलं, "पण इंदू, आपली मेंढी आता हाय तरी कुठं?"

"म्होरं," मी म्हणाले. तव्यावरची भाकरी उलटताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सगळ्या हसल्या. हसणं थांबल्यावर भिंतीकडून एक आवाज आला. त्या खाटेवरच्या बाईनं तोंड वळवलं होतं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

"किती म्होरं?"

मी भाकरी तिच्या ताटात टाकली आणि तिच्यापाशी बसले.

"निघाल्यावर कळंल," मी म्हणाले.